‘गाडी वॉरंटीत आहे’ म्हणजे नेमकं काय, हे कळायला मला चार महिने लागले

आईचे उपचार सुरू झाले आणि आठवड्यातून तीनदा तिला न्यायचं-आणायचं ठरलं, तेव्हा गाडी घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नवी परवडणारी नव्हती. वापरलेली घेतली आणि ती मोठ्या कामाला आली, तर उपचारांसाठी ठेवलेल्या पैशांना हात लागणार, ही धास्ती होती. म्हणून मी एकच अट धरून बसले होते, की गाडी वॉरंटीत असली पाहिजे. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात या एका अटीने मला काय काय शिकवलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. तेव्हा मला असं काही वाचायला मिळालं असतं तर बऱ्याच रात्री शांत झोप लागली असती.

४ फेब्रुवारीला पहिली गाडी पाहिली, एका डीलरकडे. रंग छान, आतून स्वच्छ. विक्रेता म्हणाला, “मॅडम, कंपनीची वॉरंटी अजून चार महिने आहे.” मी वॉरंटीचं पुस्तक मागितलं. ते गाडीच्या कप्प्यातच होतं. पहिल्या पानावर पहिल्या विक्रीची तारीख आणि शिक्का होता, १२ जून २०२२. वॉरंटी तीन वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर. म्हणजे ११ जून २०२५ पर्यंत, चार महिने बरोबर. पण त्याच ओळीत बारीक अक्षरात होतं, ‘यांपैकी जे आधी होईल ते’. मी वाकून मीटर पाहिला. ९८,२०० किलोमीटर.

उरले होते १,८०० किलोमीटर. आमच्या फेऱ्या धरल्या तर महिन्याला बाराशेच्या आसपास. म्हणजे चार महिन्यांची म्हणून दाखवलेली वॉरंटी दीड महिन्यात संपणार होती. विक्रेता खोटं बोलला नव्हता, फक्त अर्धंच बोलला होता. तेव्हापासून मी कुठेही ‘किती महिने उरले’ असं विचारत नाही. ‘कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती किलोमीटरपर्यंत’ असं विचारते आणि मीटर स्वतः बघते.

दोन गोष्टी इथेच सांगते. वॉरंटी साधारणपणे गाडी पहिल्या मालकाला विकली गेली त्या दिवसापासून मोजतात. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तो दिवस धरत नाहीत आणि आपण घेतली तो तर नाहीच. दुसरा मालक आला म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. आणि दुसरं, पावणेतीन वर्षांत जवळपास लाखभर किलोमीटर म्हणजे महिन्याला तीन हजार. घरगुती वापरात एवढी गाडी क्वचितच फिरते. भाड्याने किंवा धंद्यासाठी चालवली असेल तर खासगी वापराची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. मी विचारलं तेव्हा नीट उत्तर मिळालं नाही.

किलोमीटरचा मुद्दा काढल्यावर डीलरने लगेच दुसरा पर्याय पुढे केला. “आमची स्वतःची सहा महिन्यांची वॉरंटी देतो, इंजिन-गिअरबॉक्स सगळं कव्हर.” हातात एक चकचकीत दुमडपत्रक दिलं. मी पूर्ण अटी मागितल्या. त्या यायला चार दिवस लागले, दोनदा फोन करावा लागला. ८ फेब्रुवारीला चौदा पानं आली आणि मी ती पेन्सिल घेऊन वाचायला बसले.

ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी नव्हतीच. एका तिसऱ्याच संस्थेशी केलेला दुरुस्तीचा करार होता. असे करार वाईटच असतात असं नाही, पण कंपनीची वॉरंटी वेगळी, असा करार वेगळा आणि विमा त्याहून वेगळा. तिघांना आपण सरसकट ‘कव्हर’ म्हणतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. या करारात पहिले पंधरा दिवस कोणताही दावा करता येत नव्हता. प्रत्येक दाव्याला कमाल मर्यादा होती आणि ती गिअरबॉक्सच्या खर्चाच्या निम्मीही नव्हती. बिघाड शोधण्यासाठी गाडी उघडावी लागली आणि दावा फेटाळला गेला, तर उघडण्या-जोडण्याची मजुरी मालकाची. आणि जिथे मी सगळ्यात जास्त वेळ अडखळले ते वाक्य असं होतं: गिअरबॉक्सचे ‘फक्त आतून वंगण मिळणारे भाग’.

हे वाक्य मी चारदा वाचलं. शेवटी एका ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. त्यांनी शांतपणे समजावलं, “ताई, म्हणजे आतले गिअर, शाफ्ट, बेअरिंग. बाहेर लावलेलं कंट्रोल युनिट नाही, वायरिंग नाही, सेन्सर नाही, आणि बहुधा ऑइल सीलही नाही. ऑटोमॅटिक गाडीत कटकट बऱ्याचदा नेमकी तिथेच होते.”

तेव्हा कळलं की वॉरंटी लिहिण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत ‘हे हे भाग झाकलेले आहेत’ अशी यादी असते. यादीत नाव नाही, तर तो भाग नाही. दुसरीत ‘पुढील गोष्टी सोडून सगळं’ असं असतं. नव्या गाडीची मूळ वॉरंटी बहुधा दुसऱ्या तऱ्हेची असते, बाहेरून विकत मिळणाऱ्या करारांत पहिली तऱ्हा जास्त दिसते. यादीवाल्या करारात झाकलेल्या भागांची यादी कितीही लांब असली तरी तिच्यावर भाळू नये. आपल्या गाडीत बिघडू शकणारे चार महागडे भाग कोणते ते आधी काढावेत आणि त्यांची नावं त्या यादीत शोधावीत. मी ती गाडी सोडली.

त्या आठवड्यात रात्री आई झोपली की मी वाचत बसायचे. दुसरीकडे लोक हे कसं निभावतात हे बघून थोडा धीर यायचा. अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये डीलरला विक्रीच्या प्रत्येक वापरलेल्या गाडीवर एक छापील पत्रक लावावं लागतं. गाडी वॉरंटीसह आहे की ‘जशी आहे तशी’, यावर त्यात खूण केलेली असते. हा नियम १९८५ पासूनचा आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने डीलरकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर पहिल्या तीस दिवसांत परत करता येते. तो हक्क वॉरंटीवर अवलंबून नाही, पण खासगी विक्रेत्याकडून घेतली तर तो मिळत नाही. आपण जिथे राहतो तिथला कायदा कंपनीच्या कागदापलीकडे काय देतो, हे एकदा बघून ठेवावं असं मला यावरून वाटलं.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मी सावध झाले. ह्युंदाईची अमेरिकेतली इंजिन-गिअरबॉक्सची दहा वर्षं किंवा १,००,००० मैल ही प्रसिद्ध वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच आहे. दुसऱ्या मालकाला पाच वर्षं किंवा ६०,००० मैलच मिळतात. म्हणजे वॉरंटी गाडीबरोबर येते असं सरसकट धरता येत नाही. किती येते, कुणाला येते, हे पुस्तकातच पाहावं लागतं.

मध्ये एक विजेवर चालणारी गाडीही मनात होती. तिच्या मोठ्या बॅटरीला बऱ्याच कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात आणि क्षमता सत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्त करून किंवा बदलून देतात. हे आकर्षक होतं. पण घरी चार्जिंगची सोय होईना, तेव्हा तो विचार बाजूला ठेवला.

२२ फेब्रुवारीला दुसरी गाडी मिळाली, थेट पहिल्या मालकाकडून. निवृत्त काका, दोघं नवरा-बायकोच घरात, गाडी आता लागत नव्हती. पहिली विक्री १८ ऑगस्ट २०२१, मीटर ४१,३०० किलोमीटर. मूळ तीन वर्षांची वॉरंटी संपली होती, पण काकांनी कंपनीचीच दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली होती. १७ ऑगस्ट २०२६ पर्यंत किंवा १,००,००० किलोमीटर. प्रमाणपत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. त्यावर नाव अर्थातच त्यांचं.

“ताई, ही तुमच्या नावावर होते की नाही ते मला ठाऊक नाही,” काका म्हणाले. त्यांचा हा सरळपणा मला फार आवडला.

२५ फेब्रुवारीला मी आणि काका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. मालक सोबत असला की गाडीचा इतिहास विनासायास मिळतो, एकटं गेलं तर बरेचदा देत नाहीत. संगणकावरच्या नोंदींत १०,०००, २०,००० आणि ४०,००० ची सर्व्हिसिंग होती. तीस हजाराची जागा रिकामी. सल्लागाराने स्पष्ट सांगितलं, “मॅडम, उद्या इंजिनाचं काही निघालं तर ही मधली सर्व्हिसिंग कुठे आहे, असं विचारलं जाणार.” काकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तेव्हा ते मुलीकडे राहत होते आणि तिकडच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी काम करून घेतलं होतं. बिल शोधायला तीन दिवस लागले. त्यावर तारीख होती, मीटरचा आकडा होता, ऑइलचा ग्रेड ५डब्ल्यू-३० आणि फिल्टरचा पार्ट नंबरही होता. सेंटरने त्याची प्रत नोंदीला जोडून घेतली. नुसतं ‘सर्व्हिसिंग केली’ एवढंच लिहिलेलं बिल असतं, तर ते चाललं नसतं. सर्व्हिसिंगची नोंद बघायचा आणखी एक फायदा म्हणजे प्रत्येक भेटीतला मीटरचा आकडा वाढत गेला आहे ना, हे कळतं. मीटर मागे फिरवलेला असेल तर तिथे उघड पडतो.

त्याच दिवशी चासी नंबरावरून रिकॉलही तपासला. सुरक्षेच्या दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या असतील, तर ती दुरुस्ती वॉरंटी संपली असली तरी सहसा मोफत होते, मालक कितवाही असो. माझा नंबर संकेतस्थळ घेईच ना. सतरा अंक-अक्षरं मोजून भरली होती, तरी चूक दाखवत होतं. कागद डोळ्यांजवळ धरला तेव्हा लक्षात आलं, की मी शून्याच्या जागी ओ टाकला होता. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. एक रिकॉल निघाला, तो आधीच पूर्ण झालेला होता.

१ मार्चला मेकॅनिककडे तपासणी. साध्या सर्व्हिसिंगच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. त्यांनी स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. बिघाडाचा एकही कोड नव्हता, मी सुटकेचा श्वास सोडला. ते मात्र स्क्रीनकडे बघतच राहिले. “कोड नाहीत, पण रेडिनेस मॉनिटर पूर्ण नाहीत. गाडीने स्वतःच्या चाचण्या अजून संपवलेल्या नाहीत. कुणीतरी मेमरी पुसली असेल, नाहीतर बॅटरी काढली असेल.” काकांना विचारलं. आठवड्यापूर्वी बॅटरी बदलली होती, तिचं बिलही त्यांनी दाखवलं. या बॅटरीची हमी बॅटरी बनवणाऱ्याची, तिचं कार्ड वेगळं, हेही तेव्हाच कळलं. टायरांचंही तसंच.

“दीडशे किलोमीटर फिरवा, सकाळी थंड इंजिनवर सुरू करा आणि परत आणा,” मेकॅनिक म्हणाले. काकांनी चार दिवस गाडी फिरवली. ५ मार्चला पुन्हा स्कॅनर जोडला आणि या वेळी कोड आला, पी ०१२८. इंजिनचं पाणी हवं तेवढं गरम होत नव्हतं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत ते पाणी अडवून धरणारी झडप, उघडाच राहत होता. मी घाबरले. मेकॅनिक म्हणाले, “घाबरू नका, उलट बरं झालं. गाडी अजून त्यांच्या नावावर आहे, वॉरंटीही त्यांच्या नावावर आहे. त्यांनाच दावा करू द्या.”

हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. काकांनी दावा केला, भाग यायला सहा दिवस लागले आणि १२ मार्चला थर्मोस्टॅट मोफत बदलून मिळाला. वॉरंटी शिल्लक असलेल्या गाडीत खरेदीआधी दोष सापडला तर भावात घासाघीस करण्याआधी जुन्या मालकाकडून दावा करून घ्यावा. त्या कामाची पावती मी मागून घेतली.

आता हस्तांतराचा प्रश्न. काउंटरवर तोंडी उत्तर मिळालं, “हो, होते की ट्रान्सफर.” मी प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूच्या अटी वाचल्या. विक्रीच्या दिवसापासून तीस दिवसांत अर्ज, दोन्ही मालकांच्या सह्या, गाडीची तपासणी, शुल्क आणि नव्या मालकाच्या नावाचा नोंदणी कागद. अडचण उघड होती. नोंदणी माझ्या नावावर व्हायलाच तीस दिवस लागले तर? मी कंपनीला ईमेल लिहिला. पाच दिवसांनी उत्तर आलं, की नोंदणीच्या अर्जाची पोच लावून मुदतीत अर्ज दिला तरी चालेल, मूळ कागद नंतर द्यावा. ते ईमेल छापून मी फाइलमध्ये लावलं आणि मगच १५ मार्चला पैसे दिले. विक्रीच्या करारात दोन ओळी वाढवून घेतल्या: वाढीव वॉरंटीच्या हस्तांतरासाठी विक्रेता सही करील, आणि सर्व्हिसिंगची सगळी मूळ बिलं खरेदीदाराकडे देईल. काकांनी हस्तांतराच्या अर्जावर त्याच दिवशी सही करून दिली. नंतर कुणाच्या मागे लागावं लागलं नाही.

नोंदणीचा कागद ९ एप्रिलला हातात आला, म्हणजे पंचविसाव्या दिवशी. दुसऱ्याच दिवशी मी अर्ज दिला. तपासणीला अर्धा तास, शुल्क एका टायरच्या किमतीपेक्षा कमी. माझ्या नावाचं पत्र यायला मात्र २९ एप्रिल उजाडला. ते एकोणीस दिवस मी गाडी जिवाला लावून चालवली. अर्जाची पोच घेतली होती म्हणून थोडा तरी आधार होता.

खरी परीक्षा १९ मे ला झाली. ऐन उन्हात आईला घेऊन परतताना एसीतून आधी घरघर आली, मग गरम वारा. मागच्या सीटवर आई डोळे मिटून बसली होती, कपाळावर ओला रुमाल. ती काही बोलली नाही, पण मला आरशात तिच्याकडे बघवेना. वाटेतच एक गॅरेज होतं. “दोन तासांत करून देतो,” तिथला माणूस म्हणाला. मी खरोखर गाडी आत घेतली होती. मग पुस्तकातली ओळ आठवली, की आधी मंजुरी आणि मग दुरुस्ती. बाहेर काम करून मग बिल पाठवलं तर ते नाकारतात. आईला घरी सोडलं आणि गाडी सेंटरला नेली.

निदान झालं, कॉम्प्रेसर गेला होता. वॉरंटी नसती तर गाडीच्या किमतीचा विसावा भाग तिथेच गेला असता. दोन दिवसांनी कंपनीचा तपासनीस आला. त्याने बॉनेट उघडलं, टॉर्च मारली आणि उजव्या दिव्यामागे बोट रोखलं. तिथे मूळ वायरिंगला जोड देऊन काळी टेप गुंडाळली होती. उन्हाने टेपचा डिंक वितळून बाजूला धूळ चिकटली होती. काकांनी कधीतरी जास्तीचे फॉग लॅम्प बसवले होते, त्याचा जोड. त्याने तीन फोटो काढले आणि म्हणाला, “वायरिंगमध्ये बदल केलेला दिसतो.”

माझ्या पोटात गोळा आला. दिवे मी पाहिले होते, पण त्यांची वायर कुठून घेतली आहे हे विचारलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, “या जोडाचा कॉम्प्रेसरच्या सर्किटशी संबंध आहे का, ते लेखी द्याल का?” बदल केला म्हणून सगळी वॉरंटी आपोआप जाते असं माझ्या अटींत नव्हतं. त्या बदलामुळे झालेला बिघाड झाकलेला नाही, असं लिहिलं होतं. मी ते कलम दाखवलं आणि तेच ईमेलनेही पाठवलं. रोज सकाळी दहाला फोन केला, आवाज न चढवता. एसी बिघडल्यापासून अकरा दिवसांनी, ३० मे ला मंजुरी आली. कॉम्प्रेसर कशाने गेला ते त्यांनी लिहिलं होतं, आतलं बेअरिंग. दिव्यांच्या वायरीशी संबंध नाही.

५ जूनला गाडी मिळाली. कॉम्प्रेसर आणि मजुरी मोफत. गॅस आणि ऑइल माझ्या खर्चाने, कारण अटींत ते झिजणाऱ्या-संपणाऱ्या वस्तूंत होतं. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, फिल्टर हेही त्याच यादीत असतात, तेव्हा त्यांचा खर्च पहिल्या दिवसापासून आपलाच धरून चालावं. त्या सतरा दिवसांत आईसाठी भाड्याच्या गाड्या केल्या, तो खर्चही भरून मिळाला नाही. पर्यायी गाडीची सोय माझ्या वॉरंटीत नाही, हे मी खरेदीआधी वाचायला हवं होतं.

जास्तीचे दिवे मी काढून टाकले आणि तो जोड मेकॅनिककडून नीट बंद करून घेतला. काकांना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं, मीच त्यांची समजूत घातली. पुढची सर्व्हिसिंग ५०,००० किलोमीटरला किंवा जानेवारीत आहे. पुढच्या वर्षीच्या १ जुलैवर कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवली आहे. १७ ऑगस्टला वॉरंटी संपण्याआधी गाडीची पूर्ण तपासणी करून घ्यायची आहे, म्हणजे काही निघालंच तर दावा करायला दीड महिना हाताशी राहील. काल आईला आणताना ती मागे गाढ झोपली होती. घर आलं तरी मी पाच मिनिटं गाडी सुरूच ठेवली.